तीस दिवसांचा मासा

मॅडम, तुम्हाला दोन माणसांनी फसवलं. एक तुमचा पहिला पीएचडीचा विद्यार्थी आणि दुसरा मी. त्यानं चित्रात फसवलं, मी बोलण्यात. त्याचं फसवणं तुम्हाला शेवटच्या दोन वर्षांत कळलं. माझं कळलंच नाही, की कळूनही तुम्ही गप्प राहिलात, हे आता कोणाला विचारायचं?

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. मुलांनी तुमच्या आठवणींचा अंक काढायचं ठरवलंय. त्यांच्यातली तेजस्विनी माझ्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानात आली आणि म्हणाली, "रफिकभाई, दोन-तीन पानं लिहून द्या. पण जरा गोड लिहा हं." मी म्हटलं, "गोड पायजे तर हलवायाकडं जा." ती हसली, आणि मग तिथंच स्टुलावर बसून रडली. मी तिच्याकडं पाठ करून सूक्ष्मदर्शकाचा एक आयपीस पुसत बसलो. आधीच पुसलेला होता. शेवटी तिला म्हटलं, लिहितो, पण एक शब्द कापायचा नाही. ती म्हणाली, "बघू." मी म्हटलं, "बघू चालणार न्हाय. व्हय म्हण न्हाय तर जा." ती व्हय म्हणाली. म्हणून हे लिहितोय.

तुम्हाला माझी ओळख द्यायला नको, पण अंक वाचणाऱ्याला हवी. मी सूक्ष्मदर्शक दुरुस्त करतो. दहावीनंतर शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागलो. तिथं बिडाचे तुकडे घासून-चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं काम होतं. एकदा यंत्र बंद पडलं. बाहेरचा माणूस यायला पंधरा दिवस लागणार होते. मी जेवणाच्या सुट्टीत ते उघडलं. साहेबांनी आधी शिव्या घातल्या, यंत्र चालू झाल्यावर चहा पाजला. तिथून माझा धंदा सुरू झाला. पाठीशी कोणी नव्हतं, ओळखीनं एक काम मिळालं नाही, म्हणून घासाघीस केल्याशिवाय मी कशालाच हो म्हणत नाही. आवाजही चढतो. फाउंड्रीत हळू बोललेलं ऐकू येत नाही.

आपली पहिली भेट तुमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत, बंद पडलेल्या सूक्ष्मदर्शकांवरून, भांडणानंच झाली.

"किती दिवस लागतील?" तुम्ही विचारलंत.

"आठ."

"चार. सोमवारपासून प्रॅक्टिकल आहे."

"मॅडम, सात नग हायत. सहा दिवस तरी द्या."

"पाच. आणि नग बाहेर न्यायचे नाहीत. इथंच बसून करायचे."

"मी काय पळवून नेणार हाय व्हय?"

"तुम्ही नाही नेणार. पण मागच्यानं भिंगं बदलून आणली होती."

मला राग आला आणि पटलंही. जुनी यंत्रं घेणारा मी स्वतः असाच वागतो. विकणाऱ्यानं यंत्र चालू करून दाखवलं की मी ते बंद करतो आणि माझ्या हातानं परत चालू करतो. पहिल्यांदाच मला माझ्यासारखं कोणी भेटलं, तेही सुती साडीतलं, चष्म्याला दोरी लावलेलं.

पाचवा दिवस शनिवार होता. त्या खोलीत शनिवारी अकराला तुमचा सेमिनार असायचा, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा. मला वाटलं, सेमिनार म्हणजे फळा, खडू आणि जांभया. बघतो तर ॲसिडचे डाग पडलेल्या एका लांब टेबलाभोवती दहा-बारा मुलं, प्रत्येकासमोर एक इंग्रजी पेपर. कुठल्यातरी शास्त्रज्ञानं केलेलं खरं संशोधन, जसंच्या तसं छापलेलं. पाठ्यपुस्तक नाही, गाईड नाही. आणि प्रत्येक प्रतीवर तुम्ही चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मथळा झाकलेला, नावं झाकलेली, सारांश झाकलेला. शेवटचा निष्कर्ष तर कात्रीनंच उडवलेला.

कागलकडचा एक मुलगा वैतागून म्हणाला, "मॅडम, निष्कर्षच न्हाय तर पेपर कळायचा कसा?"

"चित्रं आहेत, पद्धत आहे, आकडे आहेत. निष्कर्ष तू काढ की. मग त्यांचा आणि तुझा जुळतो का बघू."

"आणि न्हाय जुळला तर?"

"तर दोघांपैकी एकजण चुकलाय. तो तूच असशील असं कशाला धरतोस?"

मी कोपऱ्यात स्क्रू फिरवता फिरवता हसलो. तुम्ही वळलात. "काय झालं?"

"काय न्हाय मॅडम. त्यो फोटो बघतोय. त्याचा डावा कोपरा फोकसमध्येच न्हाय. तिथल्या पेशी मोजल्या म्हणतायत, त्या मोजल्या कशा?"

मुलं माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, आता बाहेर काढणार. तुम्ही कागद घेऊन माझ्याकडं आलात, चष्मा डोक्यावर सरकवून फोटो डोळ्याला लावलात, आणि मुलांना म्हणालात, "एक खुर्ची सरकवा रे."

त्या खुर्चीवर मी चौदा वर्षं बसलो. इंग्रजी मला लेबलापुरतं येतं. मुलं वाचून सांगायची, मी चित्रं बघायचो. एकदा कुठल्याशा देशातल्या माशांचा पेपर होता, दोन टाक्यांत ठेवलेल्या, त्यांचे छेद स्लाइडच्या काचांवर घेतलेले. मी विचारलं, "ज्यानं मोजलं त्याला ठाऊक होतं काय, कुठली काच कुठल्या टाकीतल्या माशाची? ठाऊक असलं तर माणूस पायजे तेच मोजतो की." तुम्ही पेन टेबलावर आपटलंत. "हेच! हे मी दोन महिने ह्यांच्या तोंडून निघायची वाट बघतेय!" तेव्हापासून मुलं त्याला रफिकभाईंचा प्रश्न म्हणायला लागली. मी घरी जाऊन हे बायकोला सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण त्या दिवशी तिनं मला दोनदा चहा दिला.

दीड वाजत आला की वादाच्या मध्येच तुम्ही घड्याळाकडं बघून म्हणायचात, "रफिकभाई, तुमची नमाजाची वेळ झाली. तोवर आम्ही पुढचा तक्ता उघडत नाही." आणि खरंच उघडायचा नाहीत. परत येईपर्यंत मुलं भडंग खात बसलेली असायची आणि तुम्ही ओरडत असायचात, "त्या तेलकट बोटांनी स्लाइडला हात लावाल तर रफिकभाईंच्या ताब्यात देईन!"

परवाच्या शनिवारी पावणेअकराला मी शटर निम्मं खाली ओढलं. मग तसाच उभा राहिलो. शेजारच्यानं विचारलं, "काय झालं, अडकलं काय?" मी व्हय म्हटलं.

तुमचा एक नियम होता. पेपरात काही खटकलं, तर लेखकाला लबाड म्हणायचं नाही. आधी त्याला मेल लिहून विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मुलं सुरुवातीला घाबरायची. "मॅडम, एवढा मोठा माणूस कोल्हापूरच्या पोरांना उत्तर देणार व्हय?" पण उत्तरं यायची. एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं आपली चूक कबूल केली आणि मूळ आकडे पाठवून दिले. ते पत्र तुम्ही फळ्याशेजारी लावलं होतंत. माझ्या तोंडात तेव्हा एकच वाक्य असायचं, "मॅडम, दुकानदार कधी आपल्या मालाचं वाईट सांगत न्हाय." आणि तुम्ही त्या कागदाकडं बोट दाखवायचात.

दुसरा नियम तुमच्या स्वतःसाठी होता. प्रत्येक वर्गाच्या शेवटच्या शनिवारी तुम्ही तुमचाच एखादा जुना पेपर वाचायला द्यायचात. दरवर्षी वेगळा. नाव झाकलेलंच. मुलं तो फाडून खायची, आणि शेवटी तुम्ही चिठ्ठी काढली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

दोन वर्षांपूर्वी जो पेपर निघाला तो तेव्हा दहा वर्षं जुना होता. तुमचा आणि तुमच्या त्या पहिल्या विद्यार्थ्याचा. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात ठेवलेले मासे, त्यांच्या कल्ल्यांचे पातळ छेद. एक फोटो पंधरा दिवस ठेवलेल्या माशाचा, शेजारचा फोटो तीस दिवस ठेवलेल्या दुसऱ्या माशाचा. तेजस्विनीनं दोन्ही फोटोंत एक आकड्यासारखा वाकडा तंतू दाखवला आणि विचारलं, "हे काय आहे?"

तुम्ही हसून म्हणालात, "ती रफिकभाईंची कृपा. त्या साली कॅमेरा साफ केलेला नसणार."

सगळे हसले. तुम्हीही गमतीनंच बोललात. पण माझ्या कामाबद्दलची गंमत मला चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. माझं डोकं फिरलं. "आणा इकडं," म्हणून मी कागद ओढून घेतला. डावीकडचा फोटो सरळ धरला, उजवीकडचा उलटा केला. दोन्हीत तोच तंतू, त्याच्या टोकाला तेच दोन बुडबुडे, एक मोठा एक छोटा. उजवीकडचा फक्त जवळून घेतलेला.

"मॅडम, कॅमेऱ्यातला कचरा जागा सोडत न्हाय. काच फिरवा, मासा फिरवा, कचरा हाय तिथंच दिसतो. ह्यो तर उलटा झालाय. म्हणजे ह्यो कॅमेऱ्यात न्हाय, काचेवर हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे काच एकच हाय. दोन मासे न्हाईतच."

मी जिंकल्यासारखा बघत होतो. मग तुमचा चेहरा बघितला. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मग प्रत्येकाच्या प्रतीवरची नावाची चिठ्ठी स्वतःच्या हातानं काढलीत. बारा प्रती. माझ्याही. म्हणालात, "हा पेपर माझा आहे. वर्ग संपलेला नाही. विचारा." एक मुलगी म्हणाली, "मॅडम, राहू दे ना." तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याचा असता तर राहू दिला असतास?" आणि तासभर तुम्ही त्या मुलांना उत्तरं दिलीत, जिथं उत्तर नव्हतं तिथं "माहीत नाही, मी काच स्वतः बघितली नव्हती," असं सांगितलंत.

मॅडम, माझं तोंड त्या दिवशी बंद राहिलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. माझी इभ्रत राखायला मी तुमची चव्हाट्यावर मांडली. तुम्ही मात्र मुलं गेल्यावर मला म्हणालात, "रफिकभाई, तो तंतू मलाही तेव्हा दिसला होता. मी त्याला म्हटलं, रफिकभाईंना सांगून कॅमेरा साफ करून घे. आणि सही केली. तुमच्या माथी मारलं म्हणून मी पुढं बघितलंच नाही." आणि तुम्ही माझी माफी मागितलीत. माझी! मी पाना पिशवीत टाकला, परत काढला.

तुमच्यावरही माझा राग आहे, तो आज लिहितोच. दरवर्षी बारा मुलांना शिकवलंत की नाव झाका, माल बघा. आणि ह्याचं नाव बघून माल झाकलात. का? तर पोरगा गरीब घरचा, बुजरा, तुमच्या घरी जेवलेला. तुम्ही म्हणायचात, "विश्वास ठेवल्याशिवाय कोणी शिकत नाही." मी म्हणायचो, "विश्वास ठेवा, पण काच मागून घ्या." हे भांडण आपलं अर्धंच राहिलं.

तुम्ही तो पेपर छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिलंत की चित्रांत चूक आहे, पेपर दुरुस्त करावा. मासिकानं त्याला विचारलं. त्याचं उत्तर आलं. तुम्ही ते मला प्रयोगशाळेत मराठीत वाचून दाखवलंत. जुन्या काचा आता उपलब्ध नाहीत. त्या काळी विभागातल्या सूक्ष्मदर्शकाची देखभाल समाधानकारक नव्हती. चित्रांत दिसतात ते कॅमेऱ्यातले डाग आहेत.

मी उठलोच. "देखभाल? माझी देखभाल? फोन लावा त्याला! मॅडम, त्यो स्वतः माझ्याकडं आलता, कॅमेरा साफ करा म्हणून. मी त्याच्यासमोर उघडला. आत काय न्हवतं. धुळीचा कण न्हवता. मी त्याला सांगितलं, आत काय न्हाय. बरं म्हणाला आणि गेला!"

तुम्ही पत्र खाली ठेवलंत. "हे तुम्हाला नक्की आठवतंय?"

"मी उघडलेलं यंत्र विसरत न्हाय. त्या दिवशी तुमी माफी मागितलीत, म्हणून बोललो न्हाय."

"मग एवढंच लिहून द्या. चार ओळी. मी मासिकाला पाठवते."

इथं मी तुम्हाला फसवलं.

तुम्ही कागद ओढून स्वतःच लिहायला लागलात. "'मी, सूक्ष्मदर्शक तंत्रज्ञ रफिक...'"

"नाव नको मॅडम."

"का?"

"दहावी झालेला माणूस मी. नाव बघून तिकडं हसतील."

"बरं. 'विभागाच्या तंत्रज्ञानं'?"

"तंत्रज्ञ कशाला? सगळ्यास्नी कळतंय कोण त्यो."

"'एका माहितगार व्यक्तीनं'?"

"त्यापरीस लिहूच नका. आधी काच शोधू. काच मिळाली तर माझ्या लिहिण्याची गरजच न्हाय."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "इतकी वर्षं तुम्ही माझ्या मुलांना विचारताय, कोणी बघितलं, कोणी मोजलं. आणि आता ज्यानं बघितलं त्याचंच नाव नको?"

मी पिशवी उचलली. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे. आधी काच."

आयुष्यात मी पुष्कळ सौदे जिंकलो. हा जिंकला नसता तर बरं झालं असतं. शिक्षणाचं कारण खोटं होतं, मॅडम. तुमचा विद्यार्थी तोवर मोठा झाला होता. कुठल्या कॉलेजनं कोणतं यंत्र घ्यायचं, दुरुस्तीला कोणाला बोलवायचं, हे ठरवणाऱ्या समितीत तो बसत होता. कोडोलीपासून कागलपर्यंत माझी निम्मी कामं त्याच्या एका शब्दानं बंद पडली असती. मी भ्यालो. फाउंड्रीत वितळलेल्या लोखंडाशेजारी उभा राहिलेला माणूस एका समितीला भ्यालो, आणि ते तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून शिक्षण पुढं केलं.

मग आपण काच शोधली. विभागाच्या अडगळीच्या खोलीत, दुपारच्या दुपारी, तीन आठवडे. लाकडी पेट्या, प्रत्येकीत शंभर फटी, प्रत्येक फटीत एक काच. तुम्ही जमिनीवर चटई टाकून बसायचात, मी सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी लावलेला. "बेडूक." "ठेवा." "उंदराचं यकृत." "ठेवा." धुळीनं तुम्हाला खोकला यायचा. मी म्हणायचो, मॅडम, घरी जा, मी बघतो. तुम्ही म्हणायचात, "मागच्या वेळी दुसऱ्यावर सोडलं तेच भोगतेय." त्या खोकल्याला मी धूळच समजलो. तुम्हीही.

काच सापडली. लेबल त्याच्या अक्षरात, पंधरा दिवस. मी भिंगाखाली सरकवली आणि तो वाकडा तंतू, त्याचे दोन बुडबुडे समोर आले, जसेच्या तसे. मी ओरडलो. तुम्ही उठून आलात, एक डोळा मिटून बघितलंत आणि बघतच राहिलात. त्याच पेटीत पुढच्या दहा फटींवर 'तीस दिवस' असं लिहिलं होतं. दहाच्या दहा फटी रिकाम्या.

"झालं की," मी म्हटलं. "धरला."

"रिकामी फट हा पुरावा नसतो. काचा फुटल्या असतील."

"धाच्या धा फुटल्या? आणि एकीचाबी तुकडा न्हाय? मॅडम, तुमी वकील कुणाच्या?"

"त्याला विचारायचं आधी. तो नियम त्याच्यासाठी मोडायचा नाही."

"त्यो खोटं बोललाय!"

"म्हणूनच. त्याला खरं बोलायची एक जागा ठेवायला हवी."

तुम्ही त्या काचेचा फोटो काढून त्याला मेल पाठवलात. मला दाखवलात पाठवायच्या आधी. आरोपाचा एक शब्द नव्हता. 'तीस दिवसांच्या माशाची काच तुला कुठं ठेवलेली आठवते का? आठवली तर कळव. नसेलच, तर तेही कळव, आपण दोघं मिळून लिहू.' आणि खाली 'तुझी मॅडम'. मासिकाला मात्र काही कळवलं नाहीत. काच माझ्याकडं दिलीत. "तुमच्या दुकानात नीट राहील."

चार महिने गेले. प्रत्येक शनिवारी सेमिनार संपला की तुम्ही मोबाईल उघडायचात आणि मिटायचात. मी विचारायचो नाही. मग त्या खोकल्याला डॉक्टरांनी वेगळंच नाव दिलं.

दवाखान्यात तुमच्या शेजारी कोणाचातरी पेपर होता, चिठ्ठ्या चिकटवलेला. नर्स तो उचलून ठेवायची, तुम्ही परत मागून घ्यायचात. शेवटच्या भेटीत आवाज फार बारीक झाला होता. मी वाकलो.

"आला का?"

"कोण मॅडम?"

"त्याचा मेल."

मी म्हटलं, "येईल."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालात, "आणि तुमच्या चार ओळी?"

"तुमी घरी या, मग बसून लिहू की."

तुम्ही हसलात. ते हसणं मी ओळखतो. एखादा मुलगा न वाचता आला आणि वाचल्यासारखं बोलायला लागला की तुम्ही तसं हसायचात, आणि त्याला बोलू द्यायचात.

शोकसभा विभागाच्या सभागृहात झाली. तो आला होता. खोटं कशाला सांगू, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, मॅडमनी मला माणूस केलं. मग त्यानं पडद्यावर एक चित्र लावलं आणि म्हणाला, हे मॅडमचं सर्वांत मोठं काम, हेच त्यांचं स्मारक. तेच दोन फोटो होते. भिंतीएवढे मोठे. तो तंतू माझ्या हाताएवढा दिसत होता, डावीकडं सरळ, उजवीकडं उलटा. त्या शनिवारचे आठ-नऊ जण सभागृहात होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी उठलो. तेजस्विनीनं माझी बाही धरली. "रफिकभाई, आज नको. मॅडमच्या घरचे बसलेत." मी बसलो. माझा राग जन्मात पहिल्यांदा कोणाच्या तरी सांगण्यावरून गिळला, आणि नेमका तिथंच गिळायला नको होता.

ज्या कामावर तुम्ही स्वतः बोट ठेवलंत, ज्याच्या दुरुस्तीसाठी दोन वर्षं झटलात, तेच तुमच्या नावावर दगडासारखं बसवून लोक घरी गेले.

म्हणून चार ओळी घ्या, मॅडम. उशिरा देतोय. मी, रफिक, लक्ष्मीपुरीत सूक्ष्मदर्शक दुरुस्तीचं दुकान चालवतो. ज्या वर्षी हे फोटो निघाले त्या वर्षी विभागाचा कॅमेरा मी स्वतः, फोटो काढणाऱ्याच्या समोर, उघडला. आत काहीही नव्हतं, आणि हे मी त्याला तिथल्या तिथं सांगितलं. तो तंतू काचेवर आहे, ती काच माझ्याकडं आहे, कोणीही येऊन बघावी. हेच कागदावर सही करून मी तेजस्विनीकडं मासिकासाठीही दिलंय. नावासकट. माझी कामं गेली तर जाऊ देत.

आता मॅडम, तुम्ही जरा थांबा. मला दुसऱ्या माणसाशी बोलायचंय.

सर, हा अंक तुमच्या हातात येईल, कारण त्यात तुमचाही लेख आहे. तुमचं नाव मी लिहिलेलं नाही. मॅडमनी शेवटपर्यंत घेतलं नाही, म्हणून. पण त्यांनी तुम्हाला एक साधी गोष्ट विचारली होती आणि तिच्यासाठी त्या दवाखान्यातही वाट बघत होत्या. परक्या देशांतल्या, कधी न भेटलेल्या माणसांनी ह्या बाईला उत्तरं दिली. तुम्ही तिच्या हातचं जेवलात आणि दिलं नाहीत. शोकसभेत रडलात ते मला नको. मला समिती नको, माफी नको, चहा नको. तीस दिवस पाण्यात ठेवलेला मासा होता की नव्हता? होता तर काच आणा. नव्हता तर ज्या सभागृहात ते चित्र लावलंत तिथंच उभे राहा, मुलांसमोर, मॅडमच्या घरच्यांसमोर, आणि तोंडानं सांगा.